परतबोल

“काळोखे, अकरा वाजता दोन दरवाजे एक-एक फूट. ग्रुपवर टाका, अंगठे मोजा, मग उघडा,” एवढे बोलून साहेबांनी फोन ठेवला.

मी आंबेखोरे धरणाच्या माथ्यावरील केबिनमध्ये बसलो होतो. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. भाद्रपद सरत आला होता, घटस्थापना चार दिवसांवर होती आणि जलाशय काठोकाठ भरून स्तब्ध पसरलेला होता. या गोष्टीला आता सात वर्षे लोटली. तथापि त्या दिवसाची वेळ मला घड्याळाच्या काट्यासह आठवते.

मी धरणावर चौकीदार. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु वाचनाची गोडी असल्यामुळे ‘काळोखेंचा लिहिण्याचा हात चांगला आहे’ असा साहेबांचा अभिप्राय होता. म्हणून पाणी सोडण्याची सूचना लिहून फोनवरील ग्रुपवर पाठवण्याचे काम त्यांनी मजकडे सोपवले होते. मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याआधी हे काम तारेच्या फोनवर होत असे. नदीकाठच्या तिन्ही गावांत प्रत्येकी एक माणूस नेमलेला असे. धरणावरून आम्ही निरोप सांगायचा आणि ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने आम्हाला परत सांगायचा. किती वाजता, किती दरवाजे, गावाला पाणी केव्हा लागणार, नदीत कोण आहे, कोण नाही. याला आमच्याकडे परतबोल म्हणत. नुसते ‘हो’ चालत नसे. ‘बरं’ चालत नसे. तिन्ही गावांचे परतबोल वहीत उतरल्यावाचून दरवाजाच्या बटणाला बोट लावायचे नाही, असा दंडक होता.

तिसरे गाव कोंढेगाव. तेच माझेही गाव. तेथील परतबोल गेनबा भोई देत. वय सत्तरीच्या पुढे, घर अगदी नदीच्या कडेला, आणि आवाज असा की या थडीला उभे राहून त्या थडीच्या माणसाला तंबाखू मागावी. सारा गाव त्यांना गेनूतात्या म्हणे. परतबोलाची त्यांना इतकी सवय जडली होती की दुकानात कुणी साखर मागितली तरी ते शेजारी उभे राहून पुटपुटत, “पाव किलो साखर, बारीक.”

ग्रुप सुरू झाला तेव्हा मीच त्यांच्या घरी सांगायला गेलो होतो.

“तात्या, आता परतबोल बंद. पोलीस पाटील, सरपंच, सगळे ग्रुपवर आहेत. आम्ही लिहिणार, त्यांनी वाचून अंगठा टाकायचा.”

“कुनाचा अंगठा?”

“फोनमधला. चित्र असतं अंगठ्याचं.”

तात्यांनी त्यांच्या हातातला बटणांचा फोन उलटासुलटा करून पाहिला. “अंगठा तर लिवता न येनारा लावतो, यशवंता. वाचल्याची खूण तो कवापास्नं झाला?”

मी हसलो. परत आल्यावर ही गंमत मी साहेबांनाही सांगितली आणि तेही हसले. त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत मी तात्यांना धरणावरून एकदाही फोन केला नव्हता.

तर त्या सकाळी मी सूचना लिहावयास बसलो. दररोजच्या सूचना कोरड्या असत आणि कोरड्या सूचनेला कुणी दाद देत नसे, हे मी मागील काही महिन्यांत ताडले होते. म्हणून अलीकडे मी आरंभी चार ओळी स्वतःच्या रचत असे. त्या दिवशी लिहिले ते मला आजही तोंडपाठ आहे: ‘शुभ प्रभात. सोनेरी किरणांनी आंबेखोऱ्याचा विशाल जलाशय न्हाऊन निघाला आहे. पक्ष्यांचा मंजुळ कलरव दशदिशांत निनादत आहे. अशा या मंगल समयी सर्व ग्रामस्थ बंधुभगिनींस आगामी नवरात्रोत्सवाच्या आगाऊ शुभेच्छा.’ याच्या पुढे विषय सुरू होत होता.

‘कलरव’ हा शब्द बरोबर आहे की नाही अशी शंका आली म्हणून मी तो दोनदा खोडून पुन्हा लिहिला. इतक्यात घरून मालनचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला आणि बोटे लिहिण्यावरच ठेवली. घरातले काही बोलणे होते. ती बोलली, मी ‘हं’ म्हणालो, फोन बंद झाला.

नऊ चाळीसला सूचना गेली. दहा वाजेपर्यंत तेवीस अंगठे आणि आठ जोडलेले हात आले. तिन्ही गावांच्या पोलीस पाटलांचे अंगठे त्यांत होते. मी वहीत नोंद केली. दहा पंचावन्नला भोंगा वाजवला. तो दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडे ऐकू जात नाही. ठीक अकराला बटण दाबले. दरवाजाखालून पाण्याचा पांढरा लोट सुटला आणि नदीच्या दिशेने निघून गेला.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी मी चहाचा पेला हातात घेऊन फोन उघडला. काम काहीच नव्हते. बोट आपोआप चालत होते. कुणाच्या गणपतीचे जुने फोटो, कुणाचा वाढदिवस. मग मालनचे नाव आले. तिने स्टेटसला फोटो लावला होता, चार मिनिटांपूर्वी.

नदीच्या मधल्या खडकावर गोधड्या पसरल्या होत्या. लाल, निळ्या, ठिगळांच्या, एकीला एक लागून. त्यांच्या कडेला दहा-बारा बायका पदर खोचून उभ्या होत्या आणि हसत होत्या. खाली तिने लिहिले होते, ‘देवीच्या तयारीला सुरुवात.’

पेला मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचे, ही आमच्याकडची रीत आहे. कोंढेगावची नदी उथळ. पण पात्राच्या मधोमध एक लांबरुंद काळा खडक आहे. धुतलेल्या गोधड्या त्याच्यावर वाळवतात. अलीकडची थडी आणि तो खडक यांच्या मध्ये एक अरुंद घळ आहे. एरवी तिच्यात गुडघाभर पाणी असते, बायका हसत-खेळत ओलांडतात. परंतु पाणी वाढते तेव्हा सर्वांत आधी ती घळ भरते. खडकावरचा माणूस कोरडा असतो, त्याला काही कळतही नाही, आणि त्याची वाट मात्र बंद झालेली असते.

धरणापासून कोंढेगावला पाणी पोहोचायला पन्नास मिनिटे लागतात, असे आमच्या तक्त्यात लिहिलेले होते. त्यांतली अठरा गेली होती.

मी मालनला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा थांबला. ग्रुपवर लिहिले, ‘कोंढेगाव नदीत महिला आहेत. ताबडतोब बाहेर काढा.’ क्षणभरात खाली एक अंगठा आला. मग जोडलेले हात. मग वडजाई गावच्या कुणीतरी नाचणाऱ्या मोराची चित्रफीत पाठवली आणि माझी ओळ वर सरकून दिसेनाशी झाली.

कोंढेगावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

“बोला काळोखे.”

“आबासाहेब, नदीत बायका आहेत, गोधड्या धुतायत. पाणी सोडलंय.”

“पाणी? कधी सोडलं?”

“अकराला. सकाळी सूचना टाकली होती. तुमचा अंगठा आलाय.”

“अहो, टाकला की अंगठा. ते सोनेरी किरण का काय, झकास होतं. मंडळींनाही वाचून दाखवलं मी.” मग त्यांचा आवाज उतरला. “त्यात पाण्याचं कुठं होतं?”

“खाली. पाचव्या ओळीपासून.”

त्यांनी तिथेच सूचना उघडून पाहिली असावी. “माझ्या फोनवर चारच ओळी दिसत्यात, काळोखे. त्याच्याखाली ‘अधिक वाचा’ असतं. तो दाबतंय कोण? शुभेच्छा आहेत म्हटल्यावर... मी तहसीलला आलोय मीटिंगला. गावात कुणाला तरी लावतो फोन. तुम्हीही लावा.”

मी सूचना उघडून पाहिली. माझ्या स्वतःच्या फोनवरदेखील किरण होते, कलरव होता, शुभेच्छा होत्या. पाणी नव्हते. पाणी त्या घडीच्या खाली होते. तेवीस माणसांनी माझ्या चार ओळींना दाद दिली होती, आणि मी ती पाण्याची पोच म्हणून वहीत लिहिली होती.

अकरा चोवीस. गेनूतात्यांचा क्रमांक मजकडे होता, परंतु तो शोधताना माझी बोटे चुकत होती. घंटी बराच वेळ वाजली.

“कोन?”

“तात्या, यशवंत. धरणावरून.”

“आज कशी आठवण झाली?”

“तात्या, पाणी सोडलंय. बायका मधल्या खडकावर आहेत. मालन पण. त्यांना बाहेर काढा. लवकर.”

“थांब. परतबोल दिऊं दे.”

“तात्या, वेळ नाही.”

“म्हनूनच. गप ऐक.” त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, चौदा महिन्यांपूर्वीचा झाला. “किती दरवाजे?”

“दोन. एक-एक फूट.”

“दोन दरवाजे एक फूट. किती वाजता?”

“अकरा.”

“अकराला सोडलं. म्हंजी हितं बाराला धा कमी.”

“हो.”

“न्हाई,” तात्या म्हणाले. “परवाच पाऊस होऊन गेलाय. पात्र वलं हाय. वल्या पात्रात पानी थांबत न्हाई, धावतं. चाळीस मिंटांत येतंय. अकरा-चाळीस. आता किती झालं?”

“पंचवीस.”

“पंधरा मिंटं. दोन दरवाजे, अकराला सोडलं, अकरा-चाळीसला घळ भरनार, खडकावरनं बायका काढायच्या. बरोबर?”

“बरोबर.”

“तू दरवाजं पाड,” असे म्हणून त्यांनी फोन बंद केला.

तक्त्यातील दहा मिनिटे खोटी होती. परतबोल झाला नसता तर ती मला कळलीच नसती. मी साहेबांना फोन लावला, तो लागला नाही. आदेशाविना दरवाजा पाडण्याचा अधिकार मला नव्हता. वरून आवक चालू होती आणि काही झाले असते तर नोकरी गेली असती. मी बटण दाबले. दोन्ही दरवाजे खाली बसले तेव्हा अकरा सत्तावीस झाले होते. परंतु सत्तावीस मिनिटांचे पाणी आधीच वाटेला लागलेले होते. ते माझ्या कुठल्याही बटणाने थांबणार नव्हते.

पाळीवरचा माझा जोडीदार नाश्ता घेऊन तेवढ्यात परतला. “साहेबांचा फोन आला तर सांग, मी पाडले,” एवढेच मी त्याला म्हणालो आणि मोटारसायकल काढली.

नदीने कोंढेगाव नऊ किलोमीटर, रस्त्याने बारा. वाटेतल्या निमसाखरीच्या चढावर माझा धीर सुटला. गाडी कडेला लावून मी मालनला पुन्हा फोन केला. वाजू दिला, शेवटपर्यंत. कुणी उचलला नाही. घड्याळात अकरा छत्तीस झाले होते. तेथून खाली नदीचे वळण दिसते. त्या वळणावर पाण्याचा रंग बदललेला मी पाहिला. गढूळ पाण्याची कड कडेच्या गवतात घुसत पुढे सरकत होती. ती माझ्या पुढे होती.

कोंढेगावच्या घाटावर पोहोचलो तेव्हा थडीवर गर्दी जमली होती. ओल्या लुगड्यांतल्या बायका, कुणाच्या काखेत पिळा, कुणाचे हात रिकामे. सगळ्यांची तोंडे एकीकडे होती.

घळ भरली होती. गढूळ पाणी फिरत, गुरगुरत तिच्यातून धावत होते. पलीकडे खडकाचा फक्त उंच माथा बाहेर राहिला होता. खालच्या बाजूला दोन-तीन गोधड्या फुगून तरंगत चालल्या होत्या. आणि त्या माथ्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, मालन बसली होती. एकटी.

गेनूतात्या पाण्याच्या अगदी कडेला उभे होते. मला पाहून त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. फक्त खरखर आली. पंधरा मिनिटे त्यांनी जी हाक दिली होती, तिने त्यांचा गळा पार बसला होता.

शेजारची एक बाई म्हणाली, “सगळ्या आलो होतो भाऊजी. तात्यांनी हाक दिली तशा गोधड्या टाकून निघालो. वैनी घळीत माझ्या मागंच होत्या. तेवढ्यात खडकावर त्यांचा फोन वाजला. भाकरीच्या फडक्यात बांधला होता. म्हणाल्या, ह्यांचा असंल, आणि माघारी वळल्या.”

“किती वाजता?” मी विचारले. मला उत्तर माहीत होते.

“कुणाला ठावं. आत्ताच की. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील.”

निमसाखरीचा चढ माझ्या डोळ्यांपुढे आला. मी वाजू दिलेली ती घंटी. शेवटपर्यंत.

मालनने मला पाहिले. ती एकदम उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यांना लागत होते. तिने घळीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि लुगड्याचा ओचा वर धरला. मला पाहून तिला धीर आला होता. तोच धीर तिला पाण्यात उतरवणार होता. मीही चपला काढल्या.

तात्यांनी माझे मनगट पकडले. म्हाताऱ्याची बोटे, परंतु पकड सुटेना. माझ्या कानाशी तोंड आणून ते घोगरे पुटपुटले, “तू उतरलास की ती उतरंल. दोघंबी जाशिला. तितंच बसव तिला.”

“मालन,” मी ओरडलो. “खाली बस. हलू नको.”

पाण्याच्या आवाजात माझा आवाज विरला. ती पुढे झुकून ऐकू लागली. मी पुन्हा ओरडलो. तिने हात वर केला.

तिने ऐकले असे समजून मी चपलांकडे वळलो. तात्यांनी माझे मनगट हिसकले.

“हात नगं,” ते म्हणाले. “हात म्हंजी काय? ऐकलं, का येते म्हनली? बोलून घे तिच्याकडनं.”

आणि खरोखरच तिने तो वर केलेला हात खाली आणला, ओचा पुन्हा धरला आणि एक पाऊल घळीच्या बाजूला टाकले. ती ‘येते’ म्हणत होती. मला ‘ऐकलं’ वाटले होते.

“मालन, थांब,” मी सगळा जीव एकवटून ओरडलो. “मी काय सांगितलं? परत बोल.”

ती थबकली. पंधरा वर्षांच्या संसारात मी तिला असे कधी विचारले नव्हते.

“परत बोल. काय सांगितलं मी?”

तिचे ओठ हलले. ऐकू आले नाही.

“मोठ्यानं.”

“खाली...” वारा तुकडे उडवत होता. “...खाली बसायचं.”

“अजून.”

“हलायचं न्हाई.”

“कधीपर्यंत?” मी विचारले खरे, पण हे मी तिला सांगितलेच नव्हते. तात्यांनी माझ्या कानात सांगितले, मी तिला ओरडून सांगितले: “दरवाजे पाडलेत. पाणी उतरंल. माथ्यावरची ती पांढरी रेघ उघडी पडंपर्यंत बसायचं. परत बोल.”

“दरवाजे पाडले,” तिचा आवाज आता सरळ येऊ लागला होता. “पांढरी रेघ दिसंपर्यंत बसायचं. हलायचं न्हाई.”

आणि ती बसली.

त्यानंतरचा वेळ मी मोजला नाही असे म्हटले तर खोटे होईल. मी क्षण न् क्षण मोजला. दर दोन-तीन मिनिटांनी मी ओरडे, “काय करायचं?” आणि ती म्हणे, “बसायचं.” पाणी तिच्या मांड्यांपर्यंत चढले. मग चढायचे थांबले. थडीवरच्या बायकांतली एक देवीचे नाव घेऊ लागली, तिला दुसरीने गप्प केले, कारण मालनचा आवाज ऐकू यायला हवा होता. एवढ्या माणसांत कुणी फोन काढून छायाचित्र घेतले नाही. एकाच्या खिशात घंटी वाजली, त्याने वरूनच दाबून ती बंद केली.

साडेबाराच्या सुमाराला पांढरी रेघ दिसली. तिने ती आमच्या आधी पाहिली आणि तिकडूनच ओरडली, “रेघ दिसली. अजून बसू का येऊ?”

तात्यांनी बोटे वर करून दहा दाखवली. मी ओरडलो, “अजून धा मिनिटं.”

“अजून धा मिनिटं,” ती म्हणाली.

घळीत कमरेइतके पाणी उरले तेव्हा तात्यांच्या घरचे जाड दोरखंड आणून मी कमरेला बांधले, थडीवर चार जणांनी ते धरले आणि मी उतरलो. तिला धरून आणले. तिच्या उजव्या हातात भाकरीचे फडके होते आणि त्यात फोन.

“फोन उचलायचास तरी,” माझ्या तोंडून निघाले. काय बोलावे ते सुचत नसले की माणूस असेच काहीतरी बोलतो.

“बोटं वली होती,” ती म्हणाली. “किती घासलं त्याच्यावर. त्याला माझी बोटंच कळंनात. वाजून वाजून बंद पडला.” मग ती थडीवरच्या दगडावर बसली आणि थरथरू लागली. कुणीतरी कोरडे पांघरूण आणून तिच्या अंगावर टाकले. तात्या तिच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांना बोलता येत नव्हते, म्हणून ते नुसते मान हलवत होते.

मी तिच्यापुढे उभा होतो. मला राग कुणाचा आला होता ते मला नीट उमगत नव्हते. मी म्हणालो, “आज नदीवर यायचं होतं तर मला एका शब्दानं सांगायचंस. मी धरणावर आहे हे तुला माहीत नव्हतं?”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत रागही नव्हता.

“सकाळी फोन केला होता की तुम्हाला,” ती म्हणाली. “म्हनलं, आळीतल्या सगळ्या गोधड्या घिऊन मधल्या खडकावर चाललोय, पानी सोडनार न्हाई न्हवं आज? तुम्ही ‘हं’ म्हनलात.”

तात्यांनी मान हलवायचे थांबवले.

मी सकाळ आठवून पाहिली. मला ‘कलरव’ आठवला. तो शब्द दोनदा खोडला होता ते आठवले. फोनमधून तिचा आवाज येत होता, हेही आठवले. परंतु त्या आवाजातला एकही शब्द माझ्याजवळ नव्हता. आबासाहेबांनी निदान चार ओळी तरी वाचल्या होत्या.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी ग्रुपवरील सूचनेची छायाचित्रे काढून वर पाठवली. सूचना वेळेत गेलेली होती, तिन्ही गावांची पोच आलेली होती, भोंगा वाजलेला होता. कागदोपत्री माझी काहीच चूक निघाली नाही. उलट प्रसंगावधान राखून दरवाजे पाडल्याचा उल्लेख माझ्या नावाने झाला. त्या फोनविषयी, सकाळच्या त्या ‘हं’विषयी, मला कुणी विचारले नाही. मी साहेबांना आपणहून सांगितले. ते फाईल मिटत म्हणाले, “ते घरातलं आहे, काळोखे. ते कुठे लिहिणार?”

ग्रुप आजही आहे. मी सूचना टाकतो, पहिल्याच ओळीत: पाणी, वेळ, दरवाजे. दाद कुणी देत नाही. सूचना टाकल्यावर तिन्ही गावांना फोन करून परतबोल घेतो आणि वहीत लिहितो. साहेबांनी त्याला हरकत घेतली नाही. कोंढेगावचा परतबोल गेनूतात्यांनी आणखी तीन वर्षे दिला. त्यांचा आवाज त्या दिवसानंतर पूर्वीसारखा भरून आला नाही. फोन कानाशी घट्ट धरावा लागे. ते गेले तेव्हा त्यांच्या जागी कुणाला नेमावे असा प्रश्न निघाला, आणि ते काम मालनने मागून घेतले.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आठवड्यात मी ओसरीवर फोन पाहत बसलो होतो. मालन आतून काहीतरी बोलत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी फोन पालथा ठेवला.

“उद्या गोधड्या न्यायच्या म्हनते,” ती म्हणाली. “सकाळी नऊला. आळीतल्या आम्ही सहा जनी.”

“उद्या, सकाळी नऊ. गोधड्या. सहा जणी,” मी म्हणालो. “थडीलाच धुवायच्या. खडकावर जायचं नाही.”

“खडकाचं मी बोलले न्हवते.”

“तो माझा निरोप आहे.”

ती म्हणाली, “थडीलाच धुवायच्या. खडकावर जायचं न्हाई,” आणि आत गेली.